बॉयलर, बायोडिझेल आणि आहारतज्ज्ञ बाई

ती. मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देत नसतील आणि तुम्ही चोरून चढत असाल (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नका). इकडे मी ठणठणीत, बॉयलरही.

निवृत्त होताना इस्पितळाच्या धुलाईखोलीचा जो बॉयलर तुम्ही माझ्या हवाली केलात, त्याचं डिझेल मॅनेजरसाहेबांनी बंद केलं. फर्मान निघालं, तीन जैवइंधनं एकेक आठवडा जाळा आणि खर्च किती, धूर किती, याचा अहवाल द्या. आधी भुशाच्या कांड्या आल्या. सगळ्यांत स्वस्त, पण राख अशी उडाली की वाळत घातलेल्या चादरी करड्या झाल्या आणि मेट्रनबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. मग इथेनॉल. धूर नावाला नाही, पण बिल बघून साहेब खुर्चीत मटकन बसले. शिवाय ते मक्याचं. शेतातलं खत, पाणी, ट्रॅक्टरचं डिझेल धरलं तर हवेचा फायदा बराच उतरतो (हा हिशोब मी केला, हसू नका).

तिसऱ्या आठवड्यात हॉटेलांतल्या वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल. दर मधला, आणि तेल नाहीतरी फेकायचंच, म्हणून हवेचा फायदा सर्वांत जास्त. मी खूश! पण चिमणीतून वास सुटला तो तळणाचा. पातळ आहारावरचे रुग्ण ताडकन उठून बसले. एका आजोबांनी तर सलाईनच्या दांडीसकट स्वयंपाकघर गाठलं. आहारतज्ज्ञ बाई तरातरा खाली आल्या.

"माझ्या रुग्णांना भूक लागतेय!"

"मग बरे होत असतील," मी म्हणालो.

बाई हसू दाबत गेल्या, पण रोज येऊ लागल्या. तक्रार वहीत लिहायची आणि मग दहा मिनिटं वाफेच्या काट्याकडे बघत उभं राहायचं. शेवटी आम्ही दोघांनीच तोडगा काढला. चिमणी उंच करायची आणि बॉयलर पेटवायचा तो रुग्णांची जेवणं झाल्यावर. साहेबांनी बायोडिझेल कायम केलं. (मलाही!)

तुमचा,
भाचा

ता. क. अहवालातलं सुवाच्य अक्षर बाईंचं आहे.

ता. क. २. काल तेल आलंच नाही, बॉयलर थंडगार. तरी बाई वही घेऊन हजर. आज कसली तक्रार, विचारलं तर म्हणाल्या, "वास येत नाही म्हणून." तेव्हा रविवारी मामींना घेऊन याच. बाईंच्या वडिलांशी बोलायचं आहे आणि माझी तर वाचाच बसते.

ता. क. ३. ते अग्निशमन दलात होते. माझं काम काय, हे जरा बेतानं सांगा.