दोन टप्प्यांचं अंगण

मुक्काम टल्सा,
४ फेब्रुवारी

ती. लेलंडकाकांना डार्सीचा सा. न. वि. वि.

फोन केला की तुम्ही अर्धं ऐकता आणि उरलेलं मनाने रचता, म्हणून हे पत्र. मोटेलची गादी खचली आहे, खिडकीखाली ट्रक घुरघुरताहेत, पण माझी तक्रार नाही. देशभर हिंडून मुलींचा बास्केटबॉल बघायचे मला पैसे मिळतात, हे अजून खरं वाटत नाही.

तुमच्याकडे एक काम आहे. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजातल्या मुलींमधून आपापल्या खेळाडू निवडतील. आमच्या संघाची पाळी पाचवी. तुमच्यापासून अर्ध्या तासावरच्या कॉलेजात ब्रिटा क्लोस्टर खेळते, ती मला हवी आहे. पाठीमागे कोण धावतंय हेही तिला दिसतं. पण आमची मॅनेजर रेनी म्हणते की या पोरीला चेंडू पुढे नेता येत नाही, कोणी अंगावर गेलं की पास देऊन मोकळी होते. आकडेही रेनीच्याच बाजूचे. तिचा डोळा टेक्सासच्या एका उंच मुलीवर आहे.

गेल्या वर्षी मी जिच्यासाठी भांडले, ती हंगाम सुरू व्हायच्या आत घरी परतली. यंदाही माझा शब्द खोटा ठरला, तर पुढच्या वर्षी तो कोणी विचारणार नाही. तुम्ही साठ वर्षं हा खेळ बघताय. एकदा जाऊन बघा, आणि जे दिसेल ते लिहा. मात्र काका, मला पाहणी हवी, कविता नको. धुकं आणि चंद्र घरी ठेवून जा.

गुडघ्याला जपा. माया आहेच, ती तुमच्या तिरक्या अक्षरातून येत राहू दे.

तुमची,
डार्सी

---

एल्क प्रेरी, आयोवा,
१४ फेब्रुवारी

चि. डार्सीस लेलंडकाकाचे अनेक आशीर्वाद.

चंद्र घरी ठेवायला सांगितलास, पण तो गाडीच्या मागच्या काचेत बसून कॉलेजपर्यंत आला, त्याला मी काय करू? बर्फाखाली झोपलेली मक्याची शेतं दोन्ही बाजूंना होती. तीस वर्षं पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या, आता जिभेला दुसरं वळण नाही. असो. पाहणी लिहितो.

तुझी मुलगी खरीच आहे. पळत नाही, वाहते. पण पहिल्या अर्ध्यात मला काहीतरी खटकत राहिलं. कविता ऐकताना एखादी मात्रा ठरावीक ठिकाणी थांबते आणि कान टवकारतो, तसं. मग उमगलं. तिच्या हाती चेंडू आला की ती दोन टप्पे मारते, आणि तिसरा मारत नाही. अंगावर कोणी असो वा नसो, समोर रान मोकळं असलं तरीही. दोन टप्पे, की पास नाहीतर बास्केटवर नेम. घाबरलेली मुलगी कधी एका टप्प्यात चेंडू टाकेल, कधी चार मारून फसेल. हिचं मोजमाप चुकत नाही. ही भीती नव्हे बाई, हे वृत्त आहे!

तू पाचजणींच्या खेळातली, तुला ठाऊक नसेल. तुझ्या व्हर्नाकाकूच्या वेळी आपल्या राज्यात मुलींचा खेळ सहाजणींचा होता. तिघी कोर्टाच्या एका अर्ध्यात, तिघी दुसऱ्यात. मधली रेघ ओलांडायची नाही, आणि चेंडू हाती आला की दोनच टप्पे. तिसरा पडला की चेंडू गेला. माझी व्हर्ना, आज ती असायला हवी होती, नेम मारणाऱ्या तिघींतली. पलीकडच्या अर्ध्यात तिची जिवलग मैत्रीण होती, आर्डिथ. ती चेंडू हिसकावून रेघेपर्यंत आणायची आणि व्हर्नाला द्यायची. रेघेपलीकडच्या त्या तिघींना नेम मारायची मुभाच नव्हती. सगळं गाव व्हर्नाच्या नावाने ओरडायचं. मीही.

ती आर्डिथ लग्नानंतर क्लोस्टर झाली. ब्रिटा तिची नात. रविवारी चर्च झालं की तिच्या शेतावर जातो आणि काय ते विचारतो.

इथे थंडी हाडांत शिरली आहे. तिकडून उबेची दोन वाक्यं पाठव.

तुझा,
लेलंडकाका

---

मुक्काम डेटन,
१९ फेब्रुवारी

ती. काका, सा. न.

पत्र वाचून मी मोटेलच्या गादीवर उभी राहिले आणि डोकं छताला आपटलं. रात्रभर जुने सामने काढून बसले. दोन! प्रत्येक वेळी दोनच! एवढे डोळे, एवढे संगणक, आणि हे कोणाला दिसलं नाही. सगळे तिने किती अंतर चेंडू नेला ते मोजतात. टप्पे कोण मोजतो?

काका, आता कृपा करून कोणाशी बोलू नका. आर्डिथबाईंशी तर नाहीच. ब्रिटा चार टप्पे मारायला लागली, तर आमच्या आधीच्या चारही संघांना ती हवी होईल आणि आमची पाळी येईपर्यंत काही उरणार नाही. एप्रिलपर्यंत तोंडाला कुलूप. शपथ घाला स्वतःला. हे पत्र रविवारच्या आत तुमच्या हाती पडो.

घाईत, पण तितक्याच मायेने,
डार्सी

---

एल्क प्रेरी,
२२ फेब्रुवारी

चि. डार्सीस अ. आ.

तुझं पत्र आज आलं. तू म्हणतेस तो रविवार कुठला कोण जाणे, मी ज्या रविवारी गेलो तो होऊन गेला. आता रागावण्याआधी ऐक.

आर्डिथने राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे रोल पुढे ठेवले. शाळेच्या जेवणात असायचे तसेच. मी टप्प्यांचं काढलं, तशी ती हसली. म्हणाली, पोर सहा वर्षांची होती तेव्हापासून या अंगणात माझा कायदा होता. तिसरा टप्पा पडला की चेंडू जप्त, आणि तुरुंग म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. पोरगी रडायची, चेंडूला चिकटलेली पिसं झटकायची आणि पुन्हा दोन टप्पे मारायची.

मी म्हटलं, आर्डिथ, ती अजून दोनच मारते. चार वर्षं कॉलेजात दोनच. आर्डिथचा चमचा वाटीतच राहिला. मग जी भडकली! म्हणाली, मला वाटायचं कोचने तसं शिकवलंय, म्हणून मी मुकाट्याने बसायची. कोचला वाटलं पोरीला जमत नाही, म्हणून चेंडू न्यायला त्याने दुसरी पोर धरली. कायदा अंगणापुरता होता, मी काय हिला जन्माची शपथ घातली होती? आणि लेलंड, तू शिक्षक ना, मग चार वर्षं झोपला होतास का? तिथल्या तिथे तिने ब्रिटाला फोन लावला. पोरगी हसत सुटली. आपण मोजतो हे तिला माहीतच नव्हतं.

पण धीर धर. कालच्या सामन्यातही ब्रिटाने दोनच मारले. म्हणते, तिसऱ्याला हात आपोआप थांबतो. पाठ झालेलं असं सहज पुसत नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळणार?

अपराधी पण प्रेमळ,
लेलंडकाका

---

एल्क प्रेरी,
११ मार्च

चि. डार्सीस अ. आ.

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

नदीपलीकडे मोलीनला विभागीय स्पर्धेचा उपांत्य सामना होता. आर्डिथ आणि मी तिसऱ्या रांगेत. शेवटची काही मिनिटं उरली आणि आमची चेंडू नेणारी मुलगी पाचवा फाउल होऊन बाद झाली. आता नेणार कोण? चेंडू ब्रिटाकडे आला. एक टप्पा, दोन, आणि ती थांबली. दोघी तिच्यावर धावल्या. तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

आर्डिथ उभी राहिली. ओरडली नाही. नुसता तळहात खाली-वर, खाली-वर, हवेत चेंडू आपटावा तसा. शेजारचा गृहस्थ मला म्हणाला, आजीबाईंना बरं नाही का? आणि डार्सी, ब्रिटाने तिसरा टप्पा मारला! मग चौथा, मग मोजणंच संपलं. त्या दोघींच्या मधून ती अशी गेली की दोघी एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर प्रत्येक वेळी तीच. चौदा गुणांची पिछाडी एकावर आणली. मी छापील कार्यक्रमपत्रिका चावून खाल्ली म्हण ना.

आम्ही हरलो, एका गुणाने. शेवटच्या क्षणी तिच्यावर तिघी होत्या. तिने मोकळ्या मैत्रिणीला सुरेख पास दिला, आणि तो तिच्या हातातून निसटला. ब्रिटाने सगळ्यांत आधी तिला जवळ घेतलं. हंगाम संपला. तुझी निवड मी बिघडवली असेन, पण हे बघायचं राहिलं नाही, याबद्दल मी माफी मागणार नाही.

तुझा,
लेलंडकाका

---

मुक्काम ग्रीन्सबरो,
१८ मार्च

ती. काका, सा. न.

मी दुसऱ्याच सामन्याला बसले होते आणि फोनवर हा बघत होते. असे ओरडले की रखवालदार धावत आला. मग लगेच रडू आलं, कारण म्हटलं, गेली! आता ती पाचव्या पाळीपर्यंत उरत नाही.

पण ऐका गंमत. सगळीकडे बोललं जातंय की तो एका संध्याकाळचा चमत्कार होता. चार वर्षं जमलं नाही ते एका दिवसात कसं जमेल? रेनीसुद्धा हेच म्हणते. टेक्सासची मुलगी तिने जवळजवळ पक्की केली आहे. चार वर्षं का नाही, याचं उत्तर जगात फक्त माझ्यापाशी आहे, आणि ते उत्तर म्हणजे कोंबड्यांचं खुराडं! रेनीसमोर हे सांगितलं तर ती मला दारापर्यंत पोचवून येईल. काय करू?

गोंधळलेली,
डार्सी

---

एल्क प्रेरी,
२३ मार्च

चि. डार्सीस अ. आ.

खुराडं सांग. पिसांसकट सांग. आणि एवढं जोड की जन्मभर वृत्तात लिहिणाऱ्याला लोक म्हणतात, याला मोकळं लिहिता येत नाही. त्यांना हे कळत नाही की दोन टप्प्यांत जिला वाट काढावी लागली, तिचे डोळे चौपट शिकले. ज्या नजरेवर तू भाळलीस, ती त्याच अंगणात घडली. टप्पे आता फुकट मिळालेत. नजर विकत मिळत नसते.

तू पाहणी मागितलीस, तशी मी लिहिली. कविता झाली असेल तर ती आपोआप झाली.

पाठीशी असलेला,
लेलंडकाका

---

न्यूयॉर्क,
१३ एप्रिल

ती. काका, सा. न. वि. वि.

टीव्हीवर निकाल पाहिलात, पण आतलं ऐका. दुपारी मी रेनीला सगळं सांगितलं. अंगण, रेघ, खुराडं, तुमचं वृत्तसुद्धा. ती हसली नाही. नुसतं विचारलं की यंदाही चुकलीस तर काय होईल हे ठाऊक आहे ना. मी म्हटलं, ठाऊक आहे. ती उठून गेली.

संध्याकाळी पहिलं नाव, दुसरं, तिसरं. चौथा संघ इतका वेळ घेत होता की मी टेबलक्लॉथ मुठीत धरला. त्यांनी दुसरीच मुलगी घेतली. आमची पाळी. टेक्सासची मुलगी अजून शिल्लक! रेनीने माझ्याकडे पाहिलं, काका. टेबलावर बोटांनी टकटक केलं. एक, दोन. थांबली. मग तिसरं. आणि ब्रिटाचं नाव पाठवलं.

मला वाटतं, मी तिथेच तिला मिठी मारली. आर्डिथबाईंना माझा नमस्कार सांगा. तिकडे काय झालं ते सविस्तर हवं, चंद्रासकट.

तुमची आणि फक्त तुमचीच,
डार्सी

---

एल्क प्रेरी,
१७ एप्रिल

चि. डार्सीस लेलंडकाकाचे पोटभर आशीर्वाद.

ब्रिटा घरीच होती. आर्डिथच्या स्वयंपाकघरात शेजारपाजार दाटला होता, कोणी ओट्यावर, कोणी फ्रीजला टेकून. नाव पुकारलं आणि असा गलका झाला की अंगणातल्या कोंबड्या खुराड्यात पळाल्या. ब्रिटा आजीच्या गळ्यात पडली. आर्डिथ म्हणाली, सोड, चिली करपेल.

मग उजेड होता तोवर सगळे अंगणात आलो. ब्रिटाने आजीच्या हातात चेंडू दिला. आर्डिथने एक टप्पा मारला, दुसरा मारला आणि सवयीने थांबली. मला पलीकडच्या अर्ध्यात व्हर्ना उभी दिसली, पासची वाट बघत. तुला काय सांगू. ब्रिटा म्हणाली, आजी, कायदा गेला. तेव्हा आर्डिथने तिसरा टप्पा मारला. मग चौथा. रेघ नव्हतीच तिथे, पण जिथे असती तिथे तिने पाय जरा उचलून टाकला, आणि बास्केटच्या कड्याखाली येऊन, जन्मात कधी सामन्यात मारला नव्हता तो नेम मारला.

चेंडू कड्यावर आपटला आणि थेट खुराड्याच्या छपरावर जाऊन पडला. लोक हसायला लागले. आर्डिथ कमरेवर हात ठेवून म्हणाली, हसू नका रे. नुसता नेम चुकवायला मिळावा म्हणून मी आयुष्यभर थांबले आहे. आण गं तो चेंडू, पुन्हा मारते.

काळोख पडेपर्यंत मारत होती. चंद्र आला होता. तू सांगितलंस म्हणून लिहितो. हिवाळा सरला. लोभाचे टप्पे मात्र मोजू नकोस.

तुझा,
लेलंडकाका