हेडफोन जोडले गेले आहेत

टॅमरॅक फॉल्स, मिनेसोटा
१७ मार्च

प्रिय अर्डिस मावशी,

मेरिटचा नमस्कार. तुझा तो आवाजात नोंदवलेला लांबलचक निरोप येऊन बरेच आठवडे झाले आणि माझ्याकडून एका ओळीचंही उत्तर नाही, याची आधी माफी मागते. थंडी होती, वेंडेलची कंबर धरली होती, चर्चचा वार्षिक अहवाल होता. ही तिन्ही कारणं खरी आहेत आणि तिन्हींचा उशिराशी काही संबंध नाही. (आधी मी कारणांपाशीच थांबले होते. मग मलाच राहवेना.) तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनात म्हणे आत्ताच लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात. इथे तळ्यावरचा बर्फ अजून गाडी पेलतो. वेंडेल दर रविवारी तुझ्या घरावर नजर टाकून येतो. छपरावरचा बर्फ त्याने उतरवलाय आणि त्यातच कंबर धरून घेतलीय.

सांगायची गोष्ट हेडफोनपासून सुरू होते, आणि हेडफोनची गोष्ट वेंडेलपासून. चर्चच्या तळघरात गर्दीच्या दिवशी बसणाऱ्यांना वरचं प्रवचन ऐकू जावं म्हणून एक बिनतारी स्पीकर घ्यायचा ठराव झाला होता. वेंडेलने तो सेलमध्ये मिळवला, आणि त्याच कंपनीचे हेडफोन सवलतीत मिळत होते म्हणून माझ्यासाठी तेही उचलले. नवरोबांना फार आनंद झाला. पाठवणावळ एकदाच पडली.

त्यानंतरच्या बुधवारी मी चर्चच्या ऑफिसात रविवारचं पत्रक टाइप करत होते. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झालेला, त्यामुळे खाली तळघरात लव्हॉन, कॉरिन आणि बाकीच्या बायका संध्याकाळच्या सूपची तयारी करत होत्या. ऑफिस बरोबर त्यांच्या डोक्यावर. तुझा निरोप सकाळीच आला होता आणि तो खासगी असणार हे मी जाणून होते (तुझे निरोप हवामानाबद्दल नसतात), म्हणून सभ्यपणे हेडफोन लावून ऐकायचं ठरवलं. सभ्यपणा हा शब्द ध्यानात ठेव.

हेडफोन चालू केले. निळा दिवा लुकलुकला. लॅपटॉपवर आसपासच्या यंत्रांची यादी आली. तीत दोन नावं जवळजवळ सारखी, गाडीच्या नंबरप्लेटसारखी लांब, फक्त शेवटचा आकडा वेगळा. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकले आहे, मावशी. मी तर्क केला की एक नाव डाव्या कानाचं आणि दुसरं उजव्या कानाचं. पहिल्यावर बोट दाबलं. जोडलं गेलं, असं पडद्यावर आलं. दुसरं काही केल्या जोडलं जाईना, तेव्हा म्हटलं, एका कानाने सुरुवात करू.

निरोप लावला, तर काहीच ऐकू येईना. आवाज वाढवला. तरी शांतता. मग शेवटपर्यंत वाढवला. वडिलांचे कान याच वयात गेले होते हे आठवलं. निरोप संपल्यावर हेडफोन उलटे घालून पुन्हा पहिल्यापासून लावला. शेवटी वैतागून काढून ठेवले, तर जमिनीखालून एक दबका, ठसकेबाज बायकी आवाज. थेट तुझ्यासारखा. मला वाटलं, हिवाळाभर भेट नाही म्हणून मावशीचा भास होतोय. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून मी कॉफी प्यायला खाली गेले.

तळघरात सगळ्या खाली मान घालून गाजरं सोलत होत्या. इतकी एकाग्रता प्रार्थनेतही नसते. कॉरिन म्हणाली, "ये गं मेरिट, बस. रस्ता कसा होता?" मी म्हटलं, निसरडा. "हो ना, निसरडाच," ती म्हणाली. ताटलीत लिंबाची एकच वडी उरली होती. तुला ठाऊक आहे पुढे काय व्हायचं ते: कोणीतरी अर्धी घेणार, दुसरी त्या अर्ध्याची अर्धी, आणि शेवटचा कण पक्ष्यांना. लव्हॉनने हात पुसले, माझ्याकडे पाहिलं, आणि ती वडी अख्खी उचलून खाल्ली. सावकाश. या गावात माझा जन्म गेला, मावशी, पण असं कृत्य मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "वेंडेलला सांग हं, स्पीकर छान आणलाय. पार मागच्या टेबलापर्यंत स्वच्छ ऐकू येतं."

"अर्डिस अगदी आपल्यात बसल्यासारखी वाटली," कॉरिन म्हणाली.

"दोन्ही वेळा," सिंकपाशी कोणीतरी पुस्ती जोडली.

"अगं, मग वर येऊन सांगायचं तरी!" मी ओरडले. (ओरडले म्हणजे आपल्याकडचं ओरडणं; वेंडेलला ते कुजबुजणं वाटलं असतं.)

"तू कामात होतीस ना," लव्हॉन म्हणाली. "मध्येच कशाला त्रास द्यायचा?"

तू काय बोलली होतीस ते आठवत नसेल तर सांगते. इथे आता सगळ्यांना पाठ आहे. लव्हॉन ओव्हनमध्ये भाजते त्या हॉटडिशमधला खिमा तू वर्षानुवर्षं टेबलाखालून कुत्र्याला घातलास, आणि पुढेपुढे कुत्राही उठून जायला लागला. तुझ्या अंत्यविधीच्या जेवणाला लव्हॉनला ओव्हनच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, असं मी वचन द्यावं. आणि "तूच म्हणाली होतीस ना मेरिट, वरच्या बटाट्यांना पुठ्ठ्याची चव येते?" म्हणाले होते, मावशी. पण तुझ्या स्वयंपाकघरात, दार लावून.

मी माफी मागायला लव्हॉनकडे गेले. बर्फाबद्दल बोललो, तिच्या गाडीच्या बॅटरीबद्दल बोललो, दारात कोट घालून आणखी तेवढंच बोललो, आणि मी माफी न मागता परत आले. चहाडी माझी नव्हती, यंत्राची होती, असं मनाशी म्हणून पाहिलं. पण बोट माझंच होतं. मात्र खरी गोष्ट पुढेच आहे, आणि याच भीतीने मी लिहायचं टाळत होते. तू दक्षिणेला गेलीस की लव्हॉन बाकावर तुझ्या जागी आपला कोट ठेवते, ईस्टरपर्यंत. तिथे कोणी बसत नाही, पाद्रीबाईंची आईसुद्धा नाही. त्या बुधवारनंतर कोट तिच्या मांडीवर आहे. गेल्या रविवारी तुझ्या जागी मासे धरायला आलेला एक परगावचा माणूस बसला, आणि लव्हॉनने त्याला स्तोत्रांचं पुस्तक उघडून दिलं.

तब्येतीला जप. वेंडेलचा नमस्कार.

तुझी,
मेरिट

ता. क. इतकं लिहून मागायचं ते राहिलंच. ईस्टरला ठरल्याप्रमाणे ये आणि थेट तिच्या शेजारी जाऊन बस, कोट असो वा नसो. शब्दांत माफी मागू नकोस, त्याचं काय करायचं इथे कोणालाच कळत नाही. शेवटची वडी आली की अर्धी तिला ठेव. तुझ्या ओळखीत दुसरी एखादी लव्हॉन असेल आणि तू तिच्याबद्दल बोलत होतीस असं असेल, तर तेही कळव. (नसेल हे मला माहीत आहे.)

ता. क. पाकीट पुन्हा उघडलं. आज चर्चहून आलो तर दारात लव्हॉन, हातात फॉइल लावलेला हॉटडिश, गरम. म्हणाली, "अर्डिसला कळव, मी पाद्रीबाईंशी बोलून ठेवलंय. तिची वेळ येईल तेव्हा हॉटडिश मीच करणार. दुप्पट." मी तिला विचारलं, आत येतेस का? "नको गं, कोट नाहीये अंगावर. बाकावर ठेवून आलेय," म्हणाली, आणि तशीच थंडीत घरी गेली. हॉटडिशबद्दल प्रामाणिकपणे लिहायचं तर पुठ्ठाच. दोनदा वाढून घेतला.

ता. क. हेडफोन जोडले गेले. दोन्ही कानांना मिळून एकच नाव असतं.

उद्या: लव्हॉनचं भांडं परत करणे, रिकामं नको.