शुक्रवार सोडून

शनिवार, १५ ऑक्टोबर २००५

पाय सुजलेत. दिवसभर चिवडा, मेतकूट, मसाले डब्यांत भरले, वर चिठ्ठ्या लावल्या. सोमवारी नाशिक रोडहून गाडी. दिल्लीची बारावी खेप! चौतीस माणसं, आणि रांधायला मी नि भागीबाई.

निघताना टूरचे मालक म्हणाले, "सुवर्णाताई, यंदा आग्र्याच्या बसमध्ये एक सीट रिकामी आहे. बसा तुम्ही." मी नुसती मान हलवली. बाहेर पडले आणि द्वारका चौकापर्यंत चालतच गेले. रिक्षा करायची आठवणच राहिली नाही!

अकरा वेळा दिल्लीला गेले, पण पाहिलं काय? धर्मशाळेचं स्वयंपाकघर. आग्र्याची बस पहाटे पाचला सुटते. पुरी-भाजीचे डबे मी दारात उभी राहून हातात देते. रात्री अकराला सगळे परत येतात, तेव्हा त्यांना गरम वरण-भात लागतो. परमुलखात आपलं जेवण म्हणूनच तर लोक या टूरला येतात. मग आचाऱ्याने कधी आणि कुठे जायचं?

आणि घरी आत्याबाईंना वाटतं, सुनेने ताजमहाल अकरा वेळा पाहिलाय.

रविवार, १६ ऑक्टोबर

झोप नाही. हे एकदा लिहूनच टाकते.

हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी टूरचं काम धरलं. आत्याबाईंचे डोळे तेव्हाच गेले होते. जन्मभर फुलं तोडली, गजरे केले, आणि आता दिवसभर खाटेवर. पहिल्या टूरहून आले तेव्हा त्यांनी विचारलं, काय काय पाहिलं? स्वयंपाकघर पाहिलं असं कसं सांगू! बसमधल्या बायका बोलत होत्या तेच सांगितलं. फरशी अनवाणी पायांना माठासारखी गार लागते. आत घुमटाखाली हाक मारली की ती सात वेळा फिरून येते. "मग तू काय हाक मारली?" असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून गेलं, "ह्यांचं नाव घेतलं."

जन्मात मी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "सात वेळा आलं का?" मी म्हटलं, आलं.

त्यानंतर दर खेपेला नवीन काहीतरी सांगावं लागलं. कंटाळा आलाय खोटं बोलायचा. एकदा तिथे जाऊन खरंच हाक मारायची, म्हणजे सुटले.

मंगळवार, १८ ऑक्टोबर. गाडीत

पाठ धरलीय. सकाळी पंचवटीच्या अक्काबाईंनी (टूरवरच्या सगळ्या बायकांच्या पुढारी!) पर्समधलं कॅलेंडर काढलं आणि गोंधळ सुरू झाला. गुरुवारी संकष्टी, आणि गुरुवारीच आग्रा! चंद्रोदयाला उपास सोडायचा तो काय ढाब्यावर? नैवेद्य कुठे दाखवायचा? शेखर आमचा मॅनेजर, मालकांचा भाचा, त्याची ही दुसरीच टूर. त्याला घाम फुटला.

मी मनात हिशेब केला. गुरुवारी बस गेली तर उपासाचं आणि मोदकांचं माझ्याच गळ्यात. सीट गेली! म्हणून मीच म्हटलं, आग्रा शुक्रवारी ठेवा. गुरुवारी दिल्ली बघू, संध्याकाळी मी मोदक तळते. बायका खूश. शेखर तर पायाच पडायचा बाकी होता.

एक गोष्ट मात्र मनात आली. आमचे जुने मॅनेजर गोरक्षभाऊ कार्यक्रम लावताना दर वेळी म्हणायचे, आग्रा कधीही, शुक्रवार सोडून. ते संतोषीमातेचा शुक्रवार धरत असतील, प्रवासात आंबट चुकून पोटात जायला नको, असं मी धरून चालले होते. शेखरचा काही शुक्रवार नाही. मग काय अडचण!

गुरुवार, २० ऑक्टोबर

एकशे दहा मोदक. हात भाजला.

आठच्या पुढे सगळे गच्चीवर. शेजारच्या गच्चीवर करवा चौथच्या उपासाला इथल्या नव्या सुना नटूनथटून हातात चाळण्या घेऊन चंद्राची वाट बघत होत्या. इकडे आमच्या बायका ताट घेऊन. दोन्हीकडच्या एकमेकींना हसत होत्या.

उद्याच्या डब्यांच्या पुऱ्या तळून झाल्या. भागीबाई म्हणाली, "जा तू बिनघोर. भाताचं मी बघते." साडी काढून ठेवलीय, ह्यांनी आणलेली, मोरपंखी.

शनिवार, २२ ऑक्टोबर

काल लिहायची ताकदच नव्हती.

खिडकीची जागा मिळाली. शेजारी मखमलाबादचे कोंडाजीबाबा. त्यांचा झेंडूचा मळा आहे. घरून निघताना फुलं घेतली होती, रोज फडकं ओलं करून जपली होती. समाधीवर रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणाले.

आग्र्याच्या वेशीवर यादव नावाचे गाइड चढले. पहिल्या सीटपाशी उभं राहून त्यांनी सांगितलं, आधी किल्ला, मग फत्तेपूर सिक्री, येताना मथुरा. अक्काबाईंनी विचारलं, और ताजमहाल? ते शेखरकडे बघायला लागले. "आज तो जुम्मा है, भाईसाहब. शुक्रवार को ताज बंद रहता है. आपको मालूम नहीं था?"

बसमध्ये जो काय गदारोळ झाला! लोक शेखरला काय काय बोलले. त्याने एकदाच वळून माझ्याकडे पाहिलं. पण माझं नाव घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. लाज वाटते लिहिताना.

किल्ल्यावरून दिसतो म्हणून तिकडे नेलं. सगळे कठड्याला चिकटून उभे. नदीच्या वळणावर धुरकट हवेत दिसला. लहान. भातावर ठेवायच्या झाकणीएवढा. मला वाटलं होतं, पाहिला की रडू येईल. काही झालं नाही. पाय दुखत होते तेवढंच कळत होतं.

कोंडाजीबाबा म्हणाले, "तुमचं काय, तुम्ही लय टायमाला पाह्यला असंल."

का कोण जाणे, खरं निघालं. "नाही बाबा. आजच पहिल्यांदा."

त्यांनी पाहिलं माझ्याकडे. पिशवीतली फुलं काढली, अर्धी माझ्या ओंजळीत दिली. दोघांनी कठड्यावरच ठेवली. मी ह्यांचं नाव घेणार होते, पण आजूबाजूला माणसं, यादवांचं बोलणं, अक्काबाईंची कुरकुर. ओठ हललेच नाहीत.

सिक्रीत नुसती चालले. किती मोठा दरवाजा, किती पायऱ्या! मथुरेत बसमधून उतरलेच नाही.

परत आल्यावर शेखरला गाठलं. म्हटलं, शुक्रवार मी सुचवला, गोरक्षभाऊंचं बोलणं मला माहीत होतं, मालकांना मी सांगते. तो म्हणाला, "राहू द्या ताई. बघायचं काम माझं होतं." पोरगा चांगला आहे. आज नाश्त्याला सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं, चूक माझी. अक्काबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, संकष्टी मीच काढली होती. पोहे सगळ्यांनी दोनदा घेतले.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

दुपारी घरी. अंग आंबलंय. गॅस पेटवायच्या आधी आत्याबाईंनी हात धरून खाटेवर बसवलं. सांग म्हणाल्या.

या वेळी एक शब्दही वाढवून सांगायचा नाही, असं गाडीतच ठरवलं होतं. सांगितलं तसंच. लांबून दिसला. धुरकट होता. लहान वाटला. फुलं कठड्यावर ठेवली. पाय दुखत होते.

त्या ऐकत राहिल्या. मग माझा हात सोडून म्हणाल्या, "या टायमाला तू गेलीच नाय वाटतं."

आधी हसूच आलं. अकरा वेळा खोटं पचलं आणि आज खरं बोलले तर ही गत! मग हसू थांबलं. त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. जेवल्याही नाहीत.

बुधवार, २६ ऑक्टोबर

सकाळी सगळं सांगून टाकलं. अकरा वेळा खोटं बोलले, हाक कधी मारलीच नाही, नाव कधी फिरून आलंच नाही. पायांवर डोकं ठेवलं. मी भाकरी थापायला घेतली. तिसरी तव्यावर होती तेव्हा खाटेवरून आवाज आला, "तो पहिला ताजमहाल सांग ना परत. माझ्या खंडूचं नाव घुमतं तो."

गॅस बंद केला. जवळ बसले. नाव घेतलं. मोठ्याने, सात वेळा.