गंमत वगळून

१२ जून २००६, अमरावती
अर्ज परत आला. पाठोपाठ फोन. मुंबईच्या निधीवाल्या बाई (यापुढे मुं. बाई, दरवेळी कोण एवढं लिहीत बसणार) गोड बोलल्या. तुमचं मंडळ चांगलं, काम जुनं, पण 'खडी गंमत' हे नाव समितीला खटकलं. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यात गंमत कशी काय करणार? म्हटलं, अहो, आमच्याकडे खेळालाच गंमत म्हणतात. उभ्यानं करतात म्हणून खडी. शाहीर, ढोलकी, डफ, सोंगाड्या. तुमच्याकडे तमाशा तशी आमच्याकडे गंमत. "हो, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार?"
म्हणजे त्यांना न कळलेलं दुरुस्त आम्ही करायचं! डोकं तापलं. वरणात मीठ दोनदा पडलं, ह्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

१५ जून
नाव बदललं. 'लोकसंवाद पथक'. ह्यांचा सल्ला, की पाठव आणि मोकळी हो.
पूर्वी नुसत्या कलेला पैसे मिळत. मग म्हणाले साक्षरता घाला, घातली. मग हात धुणं. मग एड्स, शाहिरांनी त्यावर कवन रचलं तर निम्म्या बाया उठून घरी गेल्या. आता मनोधैर्य. विषय मुंबई-दिल्लीत बदलतात, चाली आम्ही बसवायच्या. पण एवढ्या सगळ्यात नावाला कोणी हात लावला नव्हता. तो मी लावला.

२० जून
तालीम. सगळ्यांना सांगितलं. गुलाबराव शाहीर म्हणाले, "ढोलकी वाजली पाह्यजे ताई, नाव काई का असेना." बशीरभाई, आमचे सोंगाड्या, अकोल्याहून आलेले. तिकडे जुन्या शहरात त्यांचं शिवणकामाचं दुकान. टेप गळ्यात तसाच राहिला होता. म्हणाले, "ताई, खडी गंमतीतून गंमत काहाडली तं नुसती खडी उरली. ते तं रस्त्यावर टाकतेत."
हसून हसून पोट दुखलं. सर्वांत जास्त मीच हसले.

४ सप्टेंबर
मंजूर! पेढे. आणि सोबत अटी. संहिता मुंबईची, शब्द बदलायचा नाही. विषयाचे गांभीर्य राखावे, विनोद टाळावा. म्हणजे सोंगाड्या बाद. बशीरभाईंना काय सांगू? शेवटी म्हटलं, फलक तुम्ही धरा, तुमचा आवाज मोठा आहे, घोषणाही तुम्हीच द्या. "हाव," म्हणाले. एवढंच. माणूस एका शब्दात थांबतो तेव्हा मला भीती वाटते, पण तालमीची घाई होती.

१९ नोव्हेंबर, अकोला, गुलाबरावांच्या बहिणीकडे
आज बार्शीटाकळीजवळच्या गावी खेळ झाला. कसा झाला ते लिहवत नाही, पण लिहिते.
तिथल्या बचत गटाच्या बायांनी स्वतःहून बोलावलं होतं, मागच्या साली गंमत पाहिली म्हणून. गेल्या गेल्या त्यांच्यातली मंदाबाई भेटली. दिवाळीच्या आधी तिचा नवरा गेला. कसा, ते कोणी बोललं नाही, बोलायची गरज नव्हती. शाहिरांना म्हणाली, "दादा, माह्ये लेकरं हासूनच नाही राह्यले. त्या सोंगाड्याले आनलं न?" शाहिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ढोलकीच्या दोऱ्या बघत बसले.
खेळ संहितेबरहुकूम. मुं. बाई पाहणीला आल्या होत्या, समोर खुर्चीवर. संपलं, आभार झाले, तरी लोक उठेनात. आम्हाला वाटलं आवडलं. तेवढ्यात एक म्हातारा ओरडला, "झाले न बावा भाषनं? आता गंमत चालू करा!"
ते सगळं त्यांना गमतीआधीचं भाषण वाटलं होतं.
बशीरभाईंनी फलक भिंतीला टेकवला. खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला, कमरेत वाकले, एक पाऊल पुढे. नुसतं तेवढ्यानंच पोरं खुदखुदली. मंदाबाईची धाकटी तोंडावर हात धरून उठून उभी राहिली. आणि मी हातानं खूण केली, बसा.
बसले. दुपट्टा सोडून घडी घातली.
लोक हळूहळू पांगले. मुं. बाई म्हणाल्या, "किती शांतपणे ऐकलं हो!" मी थँक्यू म्हटलं. आता इथे बसून ते थँक्यू आठवतं आणि स्वतःचीच शिसारी येते.

१० डिसेंबर, अमरावती
पुढचा खेळ झाला. बशीरभाई आले नाहीत. निरोप, की शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. डिसेंबरात कोणती शाळा गणवेश शिवते? फलक मी धरला.

६ जानेवारी २००७
अकोल्याला गेले. मोर्णा नदीच्या पुलावरून रिक्षा, मग गल्ल्यांतून पायी, दोनदा चुकले. बशीरभाईंनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, भाभींनी आतून बिस्किटं पाठवली. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.
"नाराजी कायची ताई? पन तिथं माहं काम काय? काठीले फलक बांधून द्या, काठी चांगली धरते."
मी म्हटलं, यंदाचं वर्ष काढू, मग बघू.
"मानूस हासला का जरा मोकया होते. मग त्याले काई सांगा, ऐकते. हे तुमालेच तं माहीत होतं. तुमीच शिकवलं पोरायले."
हे मी खरंच म्हणत असे, तालमीत, मोठ्या तोऱ्यात. आता माझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून चहा गार केला. माफी मागायला गेले होते. मागितली नाही. गणवेश कुठेच दिसले नाहीत, तेही विचारलं नाही.

२८ मार्च
मुं. बाईंचा फोन. निधीचं धोरण बदललं! आता जनजागृतीला नाही, 'लोप पावणाऱ्या लोककलां'ना देणार. मूळ नावासकट. खडी गंमत, अस्सल, जशीच्या तशी, आणि पारंपरिक सोंगाड्या हवाच. मुंबईहून कॅमेरा येणार. "तुमच्याकडे एक होते ना मुस्लीम कलाकार? ते फारच छान राहील."
नऊ महिन्यांपूर्वी जे काढायला लावलं तेच आता लोप पावतंय म्हणून जपायचं. लोपवलं कोणी? निम्मं त्यांनी, निम्मं मी. ह्यांना सांगितलं तर हसले. मला हसू आलं नाही. पण खोटं कशाला लिहू, आनंदही झाला. वाटलं, आता तरी बशीरभाई येतील.

३ एप्रिल
सहा दिवस टाळून आज दुपारी दुकानावर फोन केला. सगळं सांगितलं. नाव परत मिळालं, सोंगाड्या परत मिळाला, कोणी शब्दाला हात लावणार नाही. शाहीरही वाट पाहतायत.
ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाहाले कोन येईन?"
म्हटलं, सध्या फक्त चित्रीकरण. हॉलमध्ये.
"म्हनजे कॅमेऱ्याले हासवाचं." रागानं नाही, समजून घेतल्यासारखं. मग, "ताई, एक इचारतो. त्या दिवशी तुमी मले काहून बसवलं?"
इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की समोर बाई बसल्या होत्या.
"कोनती बाई?" बशीरभाईंनी विचारलं.
मंदाबाईही समोरच बसली होती, लेकरं घेऊन. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही. पलीकडे शिलाई मशीन चालू झालेलं ऐकू येत होतं.