क्रुसापाशी गाणं थांबलं

मरोळ गावठाण, अंधेरी
४ मे २०२४

ती. फ्रेडामावशीस,
रोझमेरीचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी भेटतोच, तरी लिहितेय. तुला ऐकू जायला ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही गं.

मे अखेरीस गावठाणाच्या क्रुसापाशी प्रार्थना मी गायची, असं प्रार्थनेची व्यवस्था बघणारे क्लेमेंटकाका म्हणतात. आमच्या जुन्या घरासमोरच्या त्याच क्रुसापाशी! मी आठ वर्षांची होते. बाहेर सगळे गायला लागले की पपा पट्टा काढायचे. माझं ओरडणं गाण्यात बुडायचं. एका संध्याकाळी तू पेटती मेणबत्ती घेऊन तशीच घरात शिरलीस आणि मला चेंबूरला नेलंस. म्हणून आज मी माणसांत आहे. देवाशी मात्र वीस वर्षं कट्टी होती. समुपदेशक अनुपमाताईंकडे जायला लागल्यापासून त्याच्याशी थोडं बोलणं सुरू झालंय. पण तिथे उभी राहिले आणि आवाजच फुटला नाही तर? काकांना काय सांगू?

गुडघ्यांना तेल लाव, टाळाटाळ नको. माया अशीच असू दे.
तुझी रोझमेरी

चेंबूर
११ मे २०२४

चि. रोझमेरीस अ. उ. आ.

पत्र वाचून रडले. तू माझे उपकार मानतेस, पण खरं सांगते, त्याआधीचा अख्खा आठवडा मी प्रार्थनेसाठी मरोळलाच होते आणि मला तुझं ओरडणं ऐकू येत होतं. तेव्हा कान शाबूत होते ना माझे! मी काय केलं? आणखी मोठ्यानं गायले. ते मला अजून खातं. माफ कर पोरी.

तू गा. आवाज नाही फुटला तर सरळ इकडे ये, वडे तळून ठेवते.
तुझं भलं चिंतणारी,
मावशी

मरोळ
१ जून २०२४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

माफी कसली मागतेस? बाकीचे गातच राहिले, तू आलीस. मला तेवढं जन्मभर पुरलंय.

काल गायले! दुसऱ्याच कडव्याला क्रुसाशेजारच्या डेल्रॉयच्या घरातून पोर किंचाळली. गाणं तिथेच टाकलं आणि मेणबत्तीसकट आत घुसले. बघते तर त्याची पाच वर्षांची टिना न्हाणीत, डोळ्यांत साबण! तिची आई कावरीबावरी. मी आधी हसले, मग जे रडू आलं ते थांबेना. टिनानं विचारलं, तुझ्या पण डोळ्यांत साबण गेला का.

बाहेर आले तर चाळीस माणसं मेणबत्त्या धरून गप्प उभी. एकानंही पुढचं कडवं घेतलं नव्हतं. क्लेमेंटकाकांनी एवढंच विचारलं, पोर बरी आहे ना. मी हो म्हटलं, तेव्हा कुठे सगळे पुन्हा गायला लागले.

प्रार्थनेनंतर वाटलेले क्रुसाचे चणे रविवारी आणते. वडे तळच.
तुझीच लेक,
रोझमेरी