टकरच्या सीटा

८ जानेवारी

सीटा जमत नाहीत! बाकी सगळं जमलं. पत्र्याचं अंग ठोकून झालं, वांगी रंगाचे हात मारून, घासून, पुन्हा मारून झाले. मधला तिसरा दिवा — टकरची खरी शान तीच — स्टिअरिंग फिरवलं की वळतो. सन अठ्ठेचाळीसची अमेरिकन गाडी, जगात पन्नासेकच बनल्या. त्यातली एक, आठपट लहान, गंगापूर रोडला आमच्या बाल्कनीत उभी आहे. सातपूरला टूलरूममध्ये जन्म काढला, पण कंपनीच्या कामात कधी एवढा जीव ओतला नाही.

आणि आता सीटांनी घोडं अडवलंय. कुठलंही कापड लावा, एवढ्याशा सीटवर वीण जाड दिसते, गोणपाट अंथरल्यासारखी. मेनरोडच्या दुकानदाराने ठाणांवर ठाणं उलगडली आणि मग विचारलं, काका, शिवायचंय काय नक्की? मी सांगितलं. तो ठाणं गुंडाळायला लागला.

मॉडेलांचं प्रदर्शन दोन फेब्रुवारीला आहे.

११ जानेवारी

मिळालं!

सुमन पंचवटीत भाजीला गेली होती. मी कपाटात जुनं अस्तर शोधत होतो, तर मलमलच्या फडक्यात तिची पैठणी. लग्नातली. तिच्या वडिलांनी येवल्याला माग लावून विणून घेतलेली. रंग वांगी — गाडीचाच! पोत असा की भिंगाखालीसुद्धा धागा सुटा दिसेना.

काठाला हात लावला नाही. पदर तर दूरच. कमरेला आत खोचायचं जे टोक असतं, बिनबुट्ट्यांचं, त्यातून मधला वीतभर तुकडा घेतला. ते कुणाला दिसतं? नेसल्यावर तिलाही नाही दिसत. तशी ती नेसते तरी कधी!

हात जरासुद्धा हलला नाही. कात्री अशी गेली की कडेला एक धागा निघाला नाही. घडी होती तशी घालून ठेवली.

१२ जानेवारी

सीटा बसल्या. गाडीला जीव आला!

२ फेब्रुवारी

पहिला नंबर नाही, दुसरा. आगबोटीला पहिला दिला. असो. टकरभोवती गर्दी हटत नव्हती.

पण एक लिहून ठेवतो. परीक्षक बाईंनी दार उघडून पाहिलं आणि विचारलं, हे कापड कुठलं? सुमन शेजारी उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं — बाहेरून मागवलंय, इम्पोर्टेड. बाई गेल्यावर सुमन वाकली आणि तिनेही आत बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, छान आहे.

परत येताना रिक्षात बाहेर बघत बसली. दमली असेल.

१८ फेब्रुवारी

निकिताला मुलगी झाली! पहिलं बाळंतपण, इथेच, माहेरी. लेक आणि नात दोघी सुखरूप. बारसं दोन मार्चला, रविवारी.

२१ फेब्रुवारी

काय लिहू.

विहीणबाई बाळ बघायला आल्या. तानुबाई — येवल्याकडच्या, त्यांच्या गल्लीत घरोघरी माग. चहा झाला. सुमन उठली आणि पैठणी घेऊन आली. म्हणाली, बारशाला बाळाची कुंची आजीच्या पैठणीची हवी, आमच्याकडे तशी रीत आहे. आतलं खोचायचं टोक आहे, त्यातनं कापते. कुणाला दिसत नाही ते.

माझ्या हातात पेपर होता. तो मी वर धरला.

घडी उलगडल्याचा आवाज आला. मग सुमन म्हणाली, "अगंबाई, कसर लागली वाटतं. डांबरगोळ्या टाकायच्या राहिल्या माझ्या."

तानुबाईंनी ते टोक हातात घेतलं असणार. म्हणाल्या, "कसर लय शिस्तीची हे तुमच्याकडं. रेघ मारून खाती!"

सुमन हसली. मग म्हणाली, आठवलं, मीच कापला होता तुकडा, ब्लाउजला ठिगळ द्यायला.

"लेकीला द्यायची चीज," तानुबाई म्हणाल्या, "तिला ठिगळापायी कात्री? आमच्याकडं पैठणीला पाय लागला तरी नमस्कार करत्यात." निकिता आईकडे बघत राहिली. सुमन मान खाली घालून घडी घालत होती.

आणि मी पेपर वाचत होतो. लाज वाटते म्हणून लिहितोय, पण लिहितानाही पान लपवून लिहितोय, हे काय माणसाचं वागणं झालं?

२३ फेब्रुवारी

सुमनला माहीत आहे? की ठिगळाचं तिला खरंच आठवतंय? काही कळत नाही. बोलते नेहमीसारखी. आज सांगायचंच म्हणून ओट्यापाशी गेलो. तिने विचारलं, काय हवंय? मी म्हणालो, काही नाही, मीठ कुठे ठेवतेस? इतक्या वर्षांच्या संसारात मिठाचा डबा विचारला! तिने दाखवला.

टकरकडे बघवत नाही. वर चादर टाकली आहे.

२५ फेब्रुवारी

तानुबाईंचा निकिताला फोन. निकिता आत जाऊन बोलली, पण ऐकू येतंच. "आईचं वय झालं आता, विसरते ती." सुमनला विसराळू ठरवून मोकळे सगळे. माझे लाड मात्र चालूच — जावई बाल्कनीतली गाडी मित्रांना दाखवायची म्हणतात.

२७ फेब्रुवारी

दुपारी मशीन चालू होतं. कुंची शिवतेय. मी विचारलं, कापड पुरेल? म्हणाली, पुरवते. मग मान वर न करता म्हणाली, "बारशाला गाडी बाहेर काढा तुमची. माणसं येतील, बघतील."

चोराच्या मनात चांदणं, तसं झालं मला.

१ मार्च

ठरलं. उद्या तानुबाईंसमोर गाडीचं दार उघडायचं आणि सांगायचं — हा बघा तुमच्या शिस्तीच्या कसरीचा घास. सुमनने ज्यांच्यासमोर ऐकून घेतलं त्यांच्यासमोरच. एकट्या सुमनला सांगून माफी मागणं म्हणजे पुन्हा लपवणंच.

चादर उद्याच काढेन. आज धीर नाही.

२ मार्च

पाळणा म्हणून झाला. नाव वेदिका ठेवलं. मी गाडी टेबलावर आणली. म्हणालो, विहीणबाई, जरा इकडे या, ती पैठणी सुमनने कापली नाही, मी कापली. सीटांसाठी. हे बघा — आणि दार उघडलं.

सीटा कॉफी रंगाच्या. टेरीवूल. काठाकाठाने बारीक टाके. माझा लग्नातला कोट.

वेदिकाच्या कुंचीला मागे, मानेपाशी, सीटांवरचा वीतभर वांगी तुकडा जोडलेला होता.

तानुबाई एकदा गाडीकडे, एकदा कुंचीकडे बघत राहिल्या. मग सुमनजवळ जाऊन बसल्या.

सगळे गेल्यावर सुमन म्हणाली, "कोटाच्या आतल्या मुडपीतलं घेतलं, दिसत नाही. पण कात्री लावताना मला कसंतरीच झालं हो. म्हटलं, यांनाही तेव्हा झालंच असेल. म्हणून मग राग धरला नाही."

मी हो म्हणालो.

अकरा जानेवारीचं पान आत्ता पुन्हा वाचलं. ‘हात जरासुद्धा हलला नाही.’