एकोणीस तुकड्यांची ओळ

मापुमाई, आतिऊ बेट
शुक्रवार, १६ जुलै १९९३

माझ्या मोए,

तुला आणि जावईबापूंना आम्हा दोघांचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझे बाबा रोज तारोच्या शेतात राबतात, संध्याकाळी कंबर धरून घरी येतात आणि वर म्हणतात, मला कुठे काय झालंय. डुकरीण व्याली, सात पिल्लं झाली. हे मी तुला कशाला सांगतेय, कोण जाणे.

पोरीचं वजन वाढलं का? त्या काचेच्या पेटीत हात घालू देतात का तुला? तिथे ऑकलंडला थंडी फार असेल. तू नीट जेवतेस ना?

बुधवारी तू फोनवर म्हणालीस, "आई, नर्स म्हणते पेटीवर घरची गोधडी घातली तरी चालेल. कधी पाठवतेस?" मी म्हणाले, अजून बरंच शिवायचं राहिलंय. ते खोटं होतं, मोए. फक्त एका बाजूची कड राहिली होती.

गेले तीन आठवडे शेजारची तुताई रोज सकाळी गोधडीसाठी येतेय. तिचं मोजणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, तुला माहीतच आहे. ती रंग सांगते, मी त्या क्रमाने कापडाचे तुकडे दोऱ्यात ओवते, एका ओळीला एक दोरा. लहानपणी हेच काम सांगितलं की तू पळून जायचीस. तर तिने सांगितलं होतं, ओळीला एकोणीस तुकडे. मी तेवीस ओवले.

शनिवारी तिने मी जोडलेल्या ओळी अंगणात पसरल्या, तर मधलं फूल एका बाजूला सरकलेलं.

"अकाइती, मोजायला विसरलीस की काय?"

"चुकलं असेल."

"एखादी ओळ चुकते गं. सगळ्याच्या सगळ्या कशा चुकतील, त्याही चार-चारनेच?"

"पोरगी वाढेल की. तिला पुरायला नको?"

"वाढेल तेव्हा दुसरी शिवू. आत्ता ती एवढीशी आहे." मग तिने सुई खाली ठेवली. "तू अजून तेच धरून बसलीयस."

ते काय, हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुझ्याआधी मला एक मुलगी झाली होती. अशीच, सातव्या महिन्यात. इथे कुठली पेटी आणि कुठलं काय. चार दिवस राहिली. घरामागचं ते छोटं थडगं, ज्यावर बसलीस म्हणून मी तुला एकदा बडवलं होतं, ते तिचं. तू विचारलंस तेव्हा मी आजोबांच्या बहिणीचं म्हणून सांगितलं.

तिच्यासाठीही तुताईने आणि मी गोधडी शिवायला घेतली होती. एकोणीसचीच ओळ. चौथ्या दिवशी सकाळी मी शेवटचा टाका घातला आणि दुपारी तिला त्याच गोधडीत गुंडाळून ठेवावं लागलं. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलंय, मी ती पुरी केली म्हणून ती गेली. वेडेपणा आहे, कळतं मला. पण हात ऐकत नाहीत. म्हणून मी तुकडे वाढवत राहिले.

हे मी तुताईला बोलून दाखवलं. मला वाटलं, कुरवाळेल. कसली कुरवाळतेय. म्हणाली, "मग अर्धी ठेवली असतीस तर ती राहिली असती का? उलट तिला उघडंच ठेवावं लागलं असतं. आपण तिला झाकून पाठवलं. मला तरी त्याचं समाधान आहे."

मग आम्ही उसवायला बसलो. मंगळवारपर्यंत पुन्हा सगळं जोडून झालं, फक्त ती कड सोडून. बुधवारी तुझा फोन आला आणि मी थाप मारली. तुताई म्हणाली, आण इकडे, मी घालते टाके. मी दिली नाही. आज सकाळी मीच घातले. एका कोपऱ्यात टाके वेडेवाकडे आलेत. नर्सला दाखवू नकोस.

चर्चच्या पाळकांची बायको उद्याच्या विमानाने निघतेय, तिच्याबरोबर पाठवतेय. मिळाली की लगेच घाल. खराब होईल म्हणून जपून ठेवशील, तसलं काही करू नकोस. पोरीला घरी आणशील तेव्हा हिच्यातच गुंडाळून आण. आणि नाहीच आणता आलं, तर तिच्या अंगावरून काढू नकोस. ती तिची आहे.

तुझ्या बहिणीचं नाव तेउरा होतं. अठ्ठावीस वर्षांनी लिहितेय.

तुम्हा दोघींची,
आई